‘१ ली’ की ‘१९ वी’: एका बेने इस्राएली सुभेदाराच्या कबरीवर काय कोरायचं?

(कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. आडनाव, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

भारतीय सैन्यातले ज्यू म्हटलं की बहुतेकांना एकच नाव आठवतं: लेफ्टनंट जनरल जेकब, ढाक्याची शरणागती, १६ डिसेंबर १९७१. ते कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. कोकणातल्या बेने इस्राएलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, पलटणीशी असलेलं नातं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटली जाणारी ही माणसं अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात शिरली. समाजी हसाजी दिवेकर त्यातलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. जुनी माणसं त्याला आजही ‘जुनी मशीद’ म्हणतात आणि तिथला रस्ता सॅम्युएल स्ट्रीट आहे.

मुंबई लष्कराची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. त्याच्या पलटणी मिश्र होत्या. मराठा, महार, मुसलमान, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्तानी) आणि बेने इस्राएली पलटणीच्या एकाच तुकडीत, म्हणजे एकाच कंपनीत असत, एकाच मैदानावर कवायत करत. बढती बहुतांशी नोकरीच्या वर्षांवर मिळे. लिहिता-वाचता येणारा शिपाई नाईक, हवालदार, जमादार असा चढत जाई. म्हणूनच एवढ्याशा समाजातून, लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर, देशी अधिकारी आश्चर्य वाटावं इतके झाले.

आपल्या प्रकरणातले सुभेदार त्यांच्यापैकीच एक. त्यांची कबर अलिबाग तालुक्यातल्या एका छोट्या ज्यू दफनभूमीत आहे. गावात आता बेने इस्राएलींचं एकही घर राहतं नाही. घराण्याची एक शाखा ठाण्यात आहे, दुसरी १९६० च्या दशकात इस्राएलला गेली आणि अश्दोदला स्थिरावली. ठाण्याचे काका पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांची पुतणी अश्दोदची. तिचं मराठी लहानपणी घरात ऐकलेलं, पण अस्सल रायगडी.

अडचण

कबरीच्या दगडाला मधोमध तडा गेला होता. शेजारच्या झाडाचं मूळ खालून वर येत होतं. पुतणीने खर्च उचलायची तयारी दाखवली आणि नवा दगड करायचं ठरलं. मजकूर तीन लिप्यांमध्ये तयार झाला. मराठी मजकूर साधारण असा होता: ‘सुभेदार मेजर अमुक, पहिली ग्रेनेडियर पलटण, मैवंदच्या लढाईतील वीर.’ इंग्रजी नीट आहे का एवढंच पाहायला तो माझ्याकडे आला. दगडावर काम करणाऱ्याला आगाऊ पैसेही देऊन झाले होते.

मैवंद हे नाव लहान नाही. दुसऱ्या अफगाण युद्धात, २७ जुलै १८८० रोजी, कंदाहारच्या पश्चिमेला अयूब खानाच्या अफगाण फौजेने ब्रिटिश जनरल बरोजच्या ब्रिगेडचा पुरता पराभव केला. अडीच हजारांच्या आसपास लढणाऱ्यांपैकी साडेनऊशेच्या वर माणसं मेली. त्या दिवशी मैदानात मुंबई लष्कराच्या दोन देशी पायदळ पलटणी होत्या, १ ली ग्रेनेडियर्स आणि ३० वी जेकब्ज रायफल्स. म्हणजे सुभेदार १ ल्या पलटणीतले असतील, तर घराण्याची आठवण अगदी चपखल बसत होती.

पण तडा गेलेल्या दगडाचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा पलटणीचा आकडा अर्धाच दिसत होता. १, त्यापुढे शेवाळाने खाल्लेली जागा, आणि त्यानंतर स्पष्ट ‘वी’. पहिली पलटण असती तर कोरणाऱ्याने ‘१ ली’ कोरलं असतं. मराठी लिहिणारा कुणीही ‘१ वी’ लिहिणार नाही. आकडा दोन अंकी होता, एवढं नक्की.

घरच्यांना ‘१ ली’ कुठून मिळाली तेही पुढे कळलं. काकांच्या वडिलांनी, ते शिक्षक होते, एका वहीत घराण्याची माहिती लिहून ठेवली होती. दगड वाचून ‘१ ग्रेनेडियर’ असा अर्थ त्यांनी लावला. मग पहिल्या पलटणीचा इतिहास कुठूनतरी वाचला, त्यात मैवंद सापडलं आणि वहीत उतरलं. त्यांनी काहीही बनवून लिहिलेलं नव्हतं. एका झिजलेल्या आकड्यावर प्रामाणिकपणे रचलेली ती गोष्ट होती. दोन पिढ्या ती जेवताना, मलिद्याच्या विधीला, लग्नात सांगितली गेली आणि पक्की झाली.

निर्णयाची पहिली जागा: पदक

काकांकडे एक चांदीचं पदक होतं. हिरव्या फितीला दोन्ही काठांना किरमिजी पट्टे, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज आणि तिच्यात तोफ वाहणारा हत्ती, खाली १८७८-७९-८० ही वर्षं. दुसऱ्या अफगाण युद्धाचं पदक. पुतणी यायच्या आधी ते सोनाराकडून चकचकीत करून घ्यायचं काकांच्या मनात होतं.

ते थांबवणं हा या साऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ठरला. या पदकांच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, मिळवणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शंभराहून अधिक वर्षांच्या हाताळणीने ती अक्षरं आधीच उथळ झालेली असतात. पॉलिशच्या चाकाखाली ती गेली असती तर पुन्हा कधीच परत आली नसती. जुनी पदकं पुसायचीही नसतात, पॉलिश तर लांबच.

पांढऱ्या कागदावर पदक उभं धरलं, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च अगदी कडेला टेकवून तिरका मारला आणि भिंग लावून थोडं थोडं फिरवत वाचलं. हुद्दा हवालदार. नंतर सुभेदारांचं पहिलं नाव मराठी ‘जी’ लावून. मग आडनावाच्या जागी ‘इस्राएल’. शेवटी १९ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री.

आडनावाच्या जागी ‘इस्राएल’ पाहून पुतणी बुचकळ्यात पडली. पण पलटणीच्या कागदांत ही रीत होती. घरचं आडनाव गावावरून असलं तरी कारकून नावापुढे जात लिहावी तसं ‘इस्राएल’ लिहून मोकळा होई. नावंही मराठी वळणाची: सॅम्युएलचा समाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. आजचं आडनाव आणि हिब्रू नाव घेऊन कागद शोधायला बसलेल्याच्या हाती काही लागत नाही, ते यामुळेच.

पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी नव्हती. त्यावरून ते मैवंदला नव्हतेच असं काका म्हणू लागले, तर पुतणी म्हणाली, पट्टी हरवली असेल. दोन्ही तर्क सोडून द्यावे लागले. या युद्धासाठी सहा पट्ट्या दिल्या गेल्या आणि त्यात मैवंद नव्हतीच. पराभवाची पट्टी कोण देणार? पट्टी नसण्यावरून मैवंदबद्दल होकार-नकार काहीच ठरत नाही. ठरवलं ते पलटणीच्या आकड्याने. १९ वी पलटण मैवंदला नव्हती. ती कंदाहारच्या तटाआत होती.

समोर आलेले पर्याय

ही बातमी ऐकल्यावर काकांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आमचे बाबा खोटं लिहून गेले?” पुतणी म्हणाली, “काका, असं नका म्हणू. त्यांनी दिसलं ते लिहिलं.” त्या संध्याकाळी पुढे फारसं बोलणं झालं नाही.

दगडाच्या मजकुरासाठी तीन वाटा होत्या.

पहिली, ठरलेलाच मजकूर ठेवायचा. घराण्याची श्रद्धा आहे, कुणाचं काय बिघडतं, असं अश्दोदच्या एका नातेवाइकाचं मत होतं. माझं मत याच्या ठाम विरुद्ध होतं. ती दफनभूमी एका घराण्याची नाही. बेने इस्राएलींच्या सैनिकी इतिहासाची फार थोडी साधनं कोकणात उघड्यावर उभी आहेत आणि हे दगड त्यातलं मुख्य साधन आहे. उद्या कुणी अभ्यासक तिथे आला तर तो दगडावर विश्वास ठेवील. शिवाय मैवंदला खरोखर मेलेल्या माणसांच्या वाट्याचं नाव दुसऱ्याला देणं मला मंजूर नव्हतं.

दुसरी, नवा दगड करायचाच नाही. जुना जोडून, स्वच्छ करून तसाच ठेवायचा. ही वाट सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त. पण पुतणीचं म्हणणं रास्त होतं: जुना दगड अजून दहा-वीस पावसाळ्यांत वाचता येणार नाही, मग काय उरेल?

तिसरी, जुना दगड हलवायचा नाही, मात्र त्याच्या पायथ्याशी कबरीला धक्का न लावता एक छोटी फरशी बसवायची. तिच्यावर फक्त पुराव्याने टिकतं तेवढंच. घराण्यात सांगितली जाणारी मैवंदची गोष्ट वेगळ्या टिपणात, ‘घरात अशी आठवण होती’ असं स्पष्ट सांगून लिहायची.

काय केलं

तिसरी वाट धरली, पण मजकूर ठरवायच्या आधी आणखी दोन गोष्टी तपासल्या.

पहिली, हुद्दा. त्या काळच्या छापील लष्करी याद्यांत प्रत्येक पलटणीच्या देशी अधिकाऱ्यांची नावं येतात. १८८० च्या दशकातल्या याद्यांत १९ व्या पलटणीखाली आपला हवालदार आधी जमादार आणि नंतर सुभेदार म्हणून सापडतो. सुभेदार मेजर म्हणून तो कुठेही नाही. जुन्या दगडावरही फक्त ‘सुभेदार’च आहे; ‘मेजर’ वहीत वाढलेलं.

त्या याद्या वाचताना जे दिसलं त्यावर थोडं थांबायला हवं. ‘इस्राएल’ लागलेल्या नावांच्या वर-खाली ‘नाक’ लागलेली नावं आहेत, तीच जी भीमा कोरेगावच्या स्तंभावर वाचायला मिळतात. एका पानावर, एका पलटणीत, महार सुभेदार आणि ज्यू जमादार. कोकणच्या एकाच किनाऱ्यावरून आलेली ही दोन माणसं गावात एका पंगतीला बसली नसती.

दुसरी तपासणी पुतणीच्या एका प्रश्नातून निघाली. सुभेदारांचा मुलगा पलटणीत का गेला नाही? घरात याबद्दल एक कुजबुज होती. तो भरतीला गेला आणि परत पाठवला गेला, ‘नापास झाला’. पुढे त्याने रेल्वेत कारकुनी केली. काकांनी हे मोठ्या संकोचाने, आवाज खाली आणून सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीची शरम त्यांच्यापर्यंत पोचली होती.

हा प्रश्न मैवंदपेक्षा मोठा होता. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरसेनापती रॉबर्ट्सच्या काळात ‘लढवय्या जाती’ ही कल्पना भरतीचं धोरण बनली. १८९० च्या दशकात मिश्र पलटणी मोडून जातवार कंपन्या करण्यात आल्या: ही मराठ्यांची, ती जाटांची, ती मुसलमानांची. महारांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध समाजसुधारक गोपाळ बाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. बेने इस्राएलींना कुणी नाव घेऊन बंदी केली नाही, तशी गरजच नव्हती. काही हजारांच्या समाजाची स्वतंत्र कंपनी उभी राहू शकत नव्हती आणि दुसऱ्यांच्या कंपनीत आता जागा नव्हती. जे नोकरीत होते ते निवृत्त होत गेले, त्यांच्या मागून नवे आले नाहीत. पुढच्या पिढ्या रेल्वेत, पोस्टात, दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत गेल्या. १८९५ मध्ये मुंबई लष्कर हे वेगळं लष्कर म्हणूनही संपलं.

सुभेदारांचा मुलगा नेमक्या याच वर्षांत अठराचा झाला. त्याला कुणी, काय कारण सांगून परत पाठवलं याचा कागद आपल्याकडे नाही. म्हणून ‘त्याला जातीमुळे नाकारलं’ असंही लिहिता येत नाही. पण त्या वर्षांत त्याच्यासारख्या कुणालाही वडिलांच्या पलटणीत शिरणं जवळपास अशक्य होतं, हे नक्की लिहिता येतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे आजोबांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

निर्णयाची दुसरी जागा: पदक कुणाकडे राहणार

पुतणीला पदक अश्दोदला न्यायचं होतं. तिथे मुलं-नातवंडं आहेत, इथे काकांच्या मागे कोण? भावनेच्या बाजूने तिचं बरोबर होतं. मात्र ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. पर्समध्ये टाकून विमानतळावर जाणं म्हणजे पदकही गमावणं आणि चौकशीही मागे लावून घेणं. पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करायचं ठरलं, पण तोवर पदक ठाण्यातच राहील आणि दोन्ही शाखांना कडेसकट मोठे फोटो मिळतील, यावर एकमत झालं. मधल्या काळात एका संग्राहकाने चांगली रक्कम देऊ केली होती. काकांनी फोनवरच नाही म्हटलं.

निकाल

फरशीवर शेवटी हे कोरलं गेलं: सुभेदारांचं नाव मराठी आणि हिब्रूत, ‘सुभेदार, १९ वी पलटण, मुंबई लष्कर. अफगाणिस्तानच्या मोहिमेत सेवा, १८७८-८०’, आणि जुन्या दगडावरचं ज्यू वर्ष ५६६३, म्हणजे १९०२-०३.

१६ ऑगस्ट १८८० रोजी कंदाहारच्या वेढ्यातून देह ख्वाजा गावावर जो हल्ला झाला त्यात १९ व्या पलटणीची माणसं होती आणि तो हल्ला फार महागात पडला. त्याचं नेतृत्व करणारा ब्रिगेडियर जनरल ब्रूकही त्यात मारला गेला. हे फरशीवर घालायचा मोह सर्वांनाच झाला. पण त्या दिवशी पलटणीचा काही भागच बाहेर पडला होता आणि आपला हवालदार त्यात होता की तटावर, ते कळत नाही. एक खोडलेलं मैवंद काढून त्या जागी दुसरं बसवण्यात अर्थ नव्हता. देह ख्वाजा टिपणात गेलं.

फरशी बसवली त्या दिवशी कादीश, म्हणजे मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष हवे होते. गावात एकही नाही. पावसाळा आणि सण टाळून रविवार धरला, तेव्हा अलिबाग, पनवेल आणि ठाण्याहून मिळून दहा झाले. दफनभूमीच्या विश्वस्तांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, खणायचं नाही. ती पाळली. झाडाचं मूळही कापलं नाही. मूळ कापलं असतं तर दगड एका बाजूला कलला असता, असं तिथल्या गवंड्याचं मत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम वेगळा हवा होता. पदक वाचलं गेलं तेव्हा काकांची आठवण अजून ध्वनिमुद्रित झालेली नव्हती. १९ वी पलटण कळल्यानंतर त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत कंदाहार शिरलं, पूर्वी ते कधीच नव्हतं. त्यांनी मुद्दाम केलं नाही, माणसाची स्मृती अशीच चालते. आता त्यांच्या बोलण्यातलं जुनं किती आणि नव्याने आलेलं किती हे वेगळं काढता येत नाही. अशा कामात घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं आधी, पूर्ण, मध्ये न थांबवता नोंदवावं आणि कागद त्यानंतर उघडावेत.

वहीचे फोटोही सुरुवातीलाच हवे होते. ‘१ ग्रेनेडियर’ ही ओळ वेगळ्या शाईत आहे, हे फार उशिरा लक्षात आलं. ते आधी दिसलं असतं तर काकांना तो पहिला प्रश्न विचारावा लागला नसता.

दगड वाचायला सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हं पकडावीत, पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरावं. खडू, तारेचा ब्रश, आम्ल यातलं काहीही नको. या दगडावर पूर्वी कुणीतरी अक्षरं उठावीत म्हणून खिळ्याने ओढलं होतं आणि ९ नेमका तिथेच गेला होता.

सुभेदारांच्या निवृत्तीची नक्की तारीख अजून लागलेली नाही. पेन्शनीच्या कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात शोध चालू आहे आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद पुतणी पाहणार आहे. त्याच दफनभूमीत ‘पलटण’ हा शब्द असलेले आणखी दगड आहेत. त्यांचे फोटो काढायला विश्वस्तांनी होकार दिला आहे, आणि पाऊस थांबला की ते काम हाती घ्यायचं आहे.